मनगटी वैद्य

हुबळीच्या तारिहाळ औद्योगिक वसाहतीत मनगटी वैद्य ही जमात अलीकडे चांगलीच फोफावली आहे. हा बहुधा पन्नाशी ओलांडलेला मराठी सुपरवायझर किंवा छोट्या कारखान्याचा मालक असतो. कॅलिब्रेशनची चिठ्ठी नसलेला मायक्रोमीटर तो कामावर हातात धरत नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे मात्र त्याने कधी कसला दाखला मागितलेला नाही.

त्याची सकाळ उणकल तळ्याच्या काठी उजाडते. दिवसाला 10,000 पावले हा त्याचा नेम. हा आकडा कुणा वैद्याने सांगितलेला नाही. 1965 साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाने तो रूढ केला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या पाहणीत साडेसात हजारांच्या पुढे फारसा जादा लाभ दिसला नाही, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही 9,800 वर घरी पोचलेला मनगटी वैद्य बाहेरच्या खोलीत येरझारा घालून हिशेब पुरा करतो. घड्याळ खरे तर हाताचे हेलकावे मोजते. त्यामुळे तेच घालून पत्नी भाकऱ्या थापायला बसली, तर तीही बसल्या जागी चालून येते.

रक्तदाबाचे यंत्र हा त्याचा खरा प्रांत. मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा, मोजताना बोलू नये, हे नियम त्याला तोंडपाठ असतात. ते तो पट्टा फुगत असतानाच फोनवर मेहुण्याला समजावून सांगतो. आकडा 150 आला की यंत्राची बॅटरी उतरलेली असते. मग तो पुन्हा मोजतो, आणखी एकदा मोजतो, आणि सर्वांत कमी आलेला आकडा वहीत टिपतो. कामगाराने असा नग पास केला असता, तर याने सगळी शिफ्ट डोक्यावर घेतली असती!

कोविडपासून त्याच्या खिशात ऑक्सिमीटर असतो. 'बसा री, बोट द्या,' असे म्हणून तो पाहुण्याला चहाआधी चिमट्यात धरतो. गार बोट किंवा नखावरचा गडद रंग आकडा बिघडवू शकतो; पण 93 दिसले की पाहुण्याचा चहा घशाखाली उतरत नाही. ग्लुकोमीटरचा किस्सा याहून गोड आहे. धारवाडी पेढा खाल्लेले बोट न धुता टोचले, तर बोटावरची साखरही रक्ताच्या हिशेबात धरली जाते आणि घरात आकांत होतो.

डॉक्टरांना मात्र त्याची वही खरोखर उपयोगी असते. दवाखान्यात शिरताच अनेकांचा दाब वाढतो. सलग काही दिवस सकाळ-संध्याकाळ घरी घेतलेले आकडे त्याहून खरे चित्र देतात. अट एकच: आलेले सगळे आकडे लिहावेत आणि वर्षातून एकदा यंत्र दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून घ्यावे. गेज तपासून आणणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये.