फेनमीमांसा : चारचाकी-प्रक्षालनद्रव्याची निवड आणि परीक्षा

व्याकरणाला मुनी मिळाले, नाट्याला मुनी मिळाले, पाकसिद्धीवर तर राजेरजवाड्यांनी ग्रंथ लिहवून घेतले. गाडी धुण्याच्या फेसाळ शँपूकडे मात्र कोणत्याही शास्त्रकाराची दृष्टी वळलेली नाही. वस्तुतः या विषयाचा प्रात्यक्षिक भाग दर रविवारी सकाळी महाराष्ट्रातील बहुतेक गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळांवर अखंड चालू असतो. नळाचा पाइप, बादली, निवृत्त बनियन आणि एक बाटली एवढ्या सामग्रीवर तेथे जे सिद्धांत बोलून दाखवले जातात, त्यांना सूत्रबद्ध करण्याचा हा प्रथम प्रयत्न होय.

प्रथम व्याख्या. *वाहनफेन म्हणजे पृष्ठसक्रिय द्रव्य, जल आणि वायू यांच्या संयोगाने उत्पन्न होणारा, वाहनाच्या उभ्या पृष्ठावर काही काळ तगणारा आणि नंतर निःशेष वाहून जाणारा बुद्बुदसमुच्चय.* या व्याख्येतील एकही पद अनावश्यक नाही. ‘काही काळ तगणारा’ हे पद गाळल्यास सोडावॉटरच्या फेसावर अतिव्याप्ती होते. ‘वाहनाच्या’ हे पद गाळल्यास दाढीच्या फेसावर होते. ‘निःशेष’ हे पद गाळल्यास काय होते, याचे विवेचन चतुर्थ प्रकाराच्या वेळी येईल.

पूर्वपीठिका

फेनाचा आद्य शास्त्रीय उपयोग इंद्राच्या नावे नोंदलेला आहे. नमुचीला ओल्या शस्त्राने मरण नव्हते आणि कोरड्यानेही नव्हते. इंद्राने पाण्याच्या फेसाने त्याचे मस्तक उडवले. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात या घटनेचा निर्देश आहे. फेस ओला नव्हे आणि कोरडाही नव्हे, हे फेनशास्त्राचे पहिले सूत्र येथेच सिद्ध झाले. तो फेस किती पाण्यात काय कालवून केला होता याची नोंद मंत्रात नाही, ही परंपरेतील पहिली त्रुटी.

त्यानंतरची लक्षणीय नावे पाश्चात्त्य आहेत. बेल्जियमचे जोसेफ प्लातो यांनी साबणाच्या पापुद्र्यांची भूमिती १८७३ साली ग्रंथबद्ध केली : तीन पापुद्रे एका कडेवर भेटतात ते परस्परांशी १२० अंशांचा कोन करूनच. ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा प्लातोंची दृष्टी पूर्णपणे गेलेली होती. डोळस असूनही बॉनेटवरचा एक बुडबुडा नीट न पाहणाऱ्या वाहनस्वामींनी याची नोंद घ्यावी. जर्मनीतील आग्नेस पोकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठताणाची मोजमापे केली आणि त्यांचे पत्र १८९१ साली लॉर्ड रेली यांच्या शिफारशीने ‘नेचर’मध्ये छापले गेले. भांडी घासता घासता शास्त्र घडू शकते, तर गाडी धुता धुता ते का घडू नये, असा प्रश्न या ठिकाणी अपरिहार्यपणे उपस्थित होतो.

फेनाचे अधिष्ठान

या शास्त्रातील मूळ वाद असा : फेन बाटलीत असतो की नाही?

सत्फेनवाद्यांचे म्हणणे, दुधात दही अव्यक्त रूपाने असावे तसा फेन बाटलीतील द्रव्यात पूर्वीपासून असतोच. वाहनस्वामी त्याला केवळ व्यक्त करतो. या मताचे अनुयायी सर्व पैसा बाटलीवर खर्च करतात आणि ती बादलीत ओतून हाताने घुसळतात. असत्फेनवादी म्हणतात, बाटलीत केवळ द्रव आहे. फेन ही वायूच्या प्रवेशाने होणारी सर्वस्वी नूतन उत्पत्ती. हे लोक बाटली स्वस्त घेतात आणि प्रेशर वॉशर, त्याच्या तोंडाशी बसणारा फोम लान्स, त्याची पितळी मान इत्यादींवर पगार घालवतात.

प्रस्तुत लेखकाचा कौल असत्फेनवाद्यांकडे झुकतो, पण एका अटीवर. फोम लान्सच्या मानेत एक बारीक धातूची जाळी असते आणि द्रव व वायू यांचे खरे घुसळण तेथेच होते. बोअरवेलच्या पाण्यातील क्षार त्या जाळीत साठले की फेस पातळ होतो. अशा वेळी वाहनस्वामी शँपूला दोष देतो व दुसरी बाटली आणतो. दुसरीही पातळ निघाल्यावर तिसरी. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवल्यास पहिली बाटली निर्दोष सुटते.

फेनाचे चार प्रकार

१. *स्थावर फेन.* दारावर मारला की तेथेच बसतो. पाहणाऱ्यास अत्यंत संतोष देतो. वस्तुतः एवढ्या कोरड्या फेसात द्रव फार थोडा व हवाच बहुत असते, आणि मळाशी व्यवहार द्रव करतो, हवा करीत नाही.

२. *स्रवणशील फेन.* हा छतावरून निघून काचेवर, काचेवरून दारावर, दारावरून खालच्या पट्टीवर सावकाश उतरतो आणि उतरताना धूळ बरोबर घेतो. याच्या मागे राहणाऱ्या राखाडी ओघळांकडे वाहनस्वामी खिन्नतेने पाहतो. वास्तविक तोच क्षण कार्यसिद्धीचा असतो. मळ सुटल्याची याहून स्पष्ट साक्ष दुसरी नाही.

३. *क्षणिक फेन.* उत्पत्तीबरोबर नाश. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

४. *दुराग्रही फेन.* ‘निःशेष’ या पदाचे प्रयोजन येथे कळते. गाडी धुतली, पुसली, आरशासारखी झाली. आणि पंधरा मिनिटांनी बाजूच्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यातून एक पांढरी धार हळूच दारावर उतरते. ती पुसावी, तो नंबरप्लेटच्या मागून दुसरी येते. मग दाराच्या मुठीतून. डिकीच्या दिव्याच्या फटीतून येणारी धार तर गाडी रस्त्यावर निघाल्यावर, मागच्या स्कूटरवाल्याच्या निदर्शनास येते. हा फेन गुणाने कितीही उज्ज्वल असो, तो अग्राह्य समजावा.

व्याप्तीदोष

फेनशास्त्रातील सर्वांत दृढ भ्रम हा न्यायशास्त्राच्या भाषेत असा मांडता येतो : जेथे जेथे फेस, तेथे तेथे शुद्धी. हा हेतू सव्यभिचार आहे. बिअरमध्ये फेस आहे, तेथे शुद्धी नाही. आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत पुन्हा पुन्हा पांढरा फेस तरंगताना दिसला. तो सांडपाण्याचा होता. उलटपक्षी, घरातील कपडे धुण्याच्या यंत्रासाठी मुद्दाम कमी फेसाची पावडर करतात व कपडे निघतात. म्हणजे फेस असून शुद्धी नाही आणि फेस नसून शुद्धी आहे, अशी दोन्ही उदाहरणे उपलब्ध असल्याने व्याप्ती मोडते.

मग कार्य कोण करते? पृष्ठसक्रिय रेणूला एक जलप्रिय शिर आणि एक जलद्वेषी पुच्छ असते. पुच्छ तेलकट मळात रुतते, शिर पाण्यात राहते, आणि असे अनेक रेणू मळाच्या कणाभोवती कडे करून त्याला उचलतात. फेस या घटनेचा कर्ता नव्हे. त्याचे काम द्रवाला उभ्या पृष्ठावर थोपवून धरणे, हात लावण्यापूर्वी वाळू सैल करणे, आणि कोठे मारले व कोठे राहिले हे दाखवणे. गाडीच्या रंगावरील पारदर्शक लेप साधारणतः ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे सामान्यतः केसाहून पातळ. वाळूचा कण कापडाखाली सापडला की त्या लेपावर वर्तुळाकार ओरखडे उमटतात, जे सावलीत दिसत नाहीत आणि पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली सर्व दिसतात. ते टाळणे हेच फेनाचे परमप्रयोजन.

तथापि वाहनतळावर शब्दप्रमाणच बलवत्तर ठरते. “काका, फेस नाही आला.” “टाक अजून थोडं.” या दोन वाक्यांपुढे वरील संपूर्ण परिच्छेद निष्प्रभ होतो.

परीक्षाविधी

*पतनपरीक्षा.* १९४१ साली रॉस आणि माइल्स यांनी निश्चित केलेली ही पद्धत आजही रसायनशाळांत प्रचलित आहे : २०० मिलिलिटर द्रावण ९० सेंटिमीटर उंचीवरून त्याच द्रावणाच्या ५० मिलिलिटरमध्ये सोडावे, फेसाची उंची लगेच मोजावी आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजावी. पहिला आकडा फेनाचा जन्म सांगतो, दुसरा त्याचे चारित्र्य. घरी हे काम लोणच्याच्या रिकाम्या दोन सारख्या बरण्या हलवून भागते. मात्र बरणी निर्मळ असते आणि गाडी निर्मळ नसते. म्हणून दोन्ही बरण्यांत चिमूटभर धूळ आणि गोडेतेलाचा एक थेंब घालून पुन्हा हलवावे. तेलाच्या स्पर्शाने पुष्कळ डौलदार फेस तत्काळ बसतात.

*स्निग्धतापरीक्षा.* द्रावण अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये घेऊन चोळावे. बोटे घसरली पाहिजेत. करकरली तर तो शँपू कापड आणि रंग यांच्यात मध्यस्थी करण्यास असमर्थ आहे. प्रस्तुत लेखक या परीक्षेला सर्व परीक्षांत अग्रस्थान देतो, आणि ती दुकानात करू देत नाहीत ही खेदाची गोष्ट आहे.

*आम्लक्षारपरीक्षा.* पीएच मोजण्याची पट्टी कोणत्याही प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानी मिळते. ही मोजणी १९०९ साली सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सुरू केली. ती प्रयोगशाळा एका बिअरनिर्मात्याची होती, हे फेनशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही. नित्याच्या धुण्याला ७ च्या आसपासचा शँपू घ्यावा. कपड्यांची पावडर धुण्याच्या सोड्यामुळे बरीच क्षारधर्मी असते. ती मळाबरोबर मेणाचा थरही घेऊन जाते. भांड्यांचा द्रवही तेलकटपणाचा वैरी, आणि मेण त्याला तेलकटपणाच वाटतो.

*बिंदुपरीक्षा.* धुतल्यानंतर बॉनेटवर पाणी शिंपडावे. थेंब टपोरे, गोल उभे राहिले तर मेण शाबूत. पाणी चादरीसारखे पसरले तर मेण गेले, किंवा ते कधी लावलेलेच नव्हते. दुसरा पर्याय आपल्याकडे अधिक आढळतो.

जल आणि पंथ

परीक्षा कोणत्या पाण्यात केली, यावर निकाल अवलंबून असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत क्षम्य आहे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी उन्हात गाडीवर वाळले की जे पांढरे ठिपके उरतात ते कॅल्शियमचे. त्यांचा आळ मात्र शँपूवर येतो. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरात पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५००० रुपये दंड जाहीर झाला, तेव्हापासून या शास्त्राला दंडनीतीचेही अंग प्राप्त झाले आहे.

कर्मकांडात दोन पंथ मुख्य. द्विकुंभपंथीय एका बादलीत शँपू व दुसरीत निव्वळ पाणी ठेवतात. प्रत्येक खेपेला मळका हातमोजा आधी निव्वळ पाण्यात खळबळतात, मगच शँपूत बुडवतात. एककुंभपंथीय एका बादलीत अख्खी विंग धुतात. शेवटच्या गाडीपर्यंत त्या पाण्यात पहिल्या सर्व गाड्यांची धूळ समभावाने नांदते. या पंथाचे ऐक्य थोर आहे. गाड्या मात्र काळ्या रंगाच्या नसाव्यात. रिठ्याचा एक क्षीण संप्रदायही आहे. शालू आणि दागिने ज्याने धुतले त्याने गाडी का नाही, असा त्याचा युक्तिवाद. रिठ्यातील सॅपोनिनला फेस येतो हे खरे, परंतु एका गाडीपुरता रिठा भिजवून, कुस्करून, गाळून होईतो दुपार होते. खंडेनवमीच्या दिवशी सर्व पंथ एकत्र येतात. त्या दिवशी पूजेपूर्वी जे हाती लागेल त्याने गाडी धुतली जाते, व त्यावर झेंडूचा हार पडतो.

मात्राविचार

सर्वाधिक अनर्थ मात्रेत होतो. बाटलीवर १:१०० लिहिलेले असते आणि ते प्रमाण बादलीचे की लान्सच्या डब्याचे, हे वाचण्याची प्रथा नाही. लान्सच्या लिटरभर डब्यात १०० मिलिलिटर शँपू व ९०० मिलिलिटर पाणी घातले, आणि डबा संपेतो यंत्रातून एकूण दहा लिटर द्रावण बाहेर पडले, तर गाडीवर पोचलेले द्रावण एक टक्क्याचे. डब्यात जे दाट होते ते दारावर दाट राहत नाही. हा हिशेब न केल्याने अर्धे लोक शँपू वाया घालवतात व उरलेले त्याला शिव्या देतात.

प्रचलित मान पाहिले तर तीन : थेंब, धार आणि झाकण. थेंब अप्रस्तुत. धारेचे मोजमाप ओतणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असते आणि रविवारी ती उदार असते. उरते झाकण. परंतु प्रत्येक बाटलीचे झाकण निराळ्या मापाचे, आणि बऱ्याच झाकणांवर त्याचा उल्लेख नाही.

सबब निर्णय असा : सातच्या आसपास पीएच, बोटांत घसरण, पाच मिनिटांत ओघळून खाली येणारा आणि एका फवाऱ्यात नाहीसा होणारा फेस, हे चार गुण असलेली बाटली घ्यावी; फेस किती येतो हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा, गरम लागला तर त्या दिवशी धुणे तहकूब करावे. आणि समस्त उत्पादकांना विनंती आहे, की झाकणाच्या आतल्या बाजूस दहा मिलिलिटरची एक रेघ आखावी.