दाढ एक, वैद्य अनेक

दाढ काढायची ठरली की घरातला प्रत्येक जण दंतवैद्य होतो. मामी लवंगेचं तेल पुढे करतात, शेजारचे काका तुरटीच्या गुळण्या सांगतात आणि आत्या थेट डोळ्यांवर येते: "वरची दाढ काढू नकोस रे, नजर जाते!" दाढेचा मज्जातंतू वेगळा, नजरेचा वेगळा, हे आत्याला पटवायची हिंमत खुद्द डॉक्टरही करत नाहीत. चाळिशीचा चष्मा लागला की खापर फुटतं ते दाढेवर.

खुर्चीत बसल्यावर दुखायची चिंता आता फारशी उरलेली नाही. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध तयार झालं आणि दात उपटताना बोंब मारण्याची उरलीसुरली पुरातन परंपराही खंडित झाली. हल्ली बोंब मारायची ती बिलाच्या काउंटरवर. दाढ काढायला शेकडो, रूट कॅनाल करून वाचवायला काही हजार आणि गेलेलीच्या जागी इम्प्लांट बसवायला कित्येक हजार. फुकट मिळालेल्या दाढेची किंमत कळते ती अशी, जीएसटीशिवाय.

शेवटी सूचना: कापूस दाबून धरा, बोलू नका, स्ट्रॉ नको, तंबाखू नको आणि चोवीस तास थुंकायचं नाही, नाहीतर खळग्यात साकळलेलं रक्त निघून येतं. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा लावल्या तरी न जुमानणारा माणूस ही सूचना मात्र निमूट पाळतो. महापालिकांनी बोध घ्यावा. दंडाच्या पावत्या बंद करा, थुंकणाऱ्याचा दरवेळी एक दात काढा. बत्तीस दिवस तरी शहर स्वच्छ राहील.