मनगट बघू!

आमच्या नेरुळच्या सोसायटीत कोणी लाल साडी नेसून लिफ्टमध्ये शिरलं की पॅलेटवहिनी आधी मनगट धरतात. लिफ्टचा दिवा पिवळा, म्हणून पुढच्या मजल्यावर उतरवून खिडकीशी नेतात. शिरा हिरवट दिसल्या तर अंगाची छटा उबदार, निळसर दिसल्या तर थंड. तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एक असणारच. तिचा विषय फार तर वास्तू असेल नाहीतर कीटो.

1980 साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन बाईंचं ‘कलर मी ब्युटिफुल’ आलं आणि चार ऋतूंत माणसांची वाटणी झाली. स्प्रिंगला पोवळ्याचा लाल, समरला कलिंगडाच्या गराचा, ऑटमला विटकरी आणि विंटरला कुंकवाचा. वहिनींनी हे सगळं मोबाइलवर बघून पाठ केलंय. त्यांच्या लेखी मी ऑटम. हे त्यांनी ऑक्टोबर हीटमध्ये, मी घामाने निथळत असताना जाहीर केलं.

मनगटातून कोणीच सुटत नाही. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींचा हात वहिनींनीच उलटा केला. भाजीवाल्याने मेथी देताना हात पुढे केला, तो दोन मिनिटं परत मिळाला नाही. रक्तदान शिबिरात तर कहर झाला. नर्सला शीर सापडेना, वहिनींनी पटकन दाखवली, वर आमच्या सेक्रेटरींची भरत आलेली पिशवी बघून म्हणाल्या, “हा लाल तुमचा नाही हो.”

नवरात्रात विचारूच नका. महाराष्ट्र टाइम्सने वीसेक वर्षांपूर्वी नऊ रंगांची टूम काढली. त्यात मंगळवार लाल, रविवार नारिंगी. मागच्या खेपेला, 2025 मध्ये, 23 सप्टेंबरला लाल आला. वहिनींनी आठवडाभर आधी लालाचे चार भाग पाडून घरोघर निरोप दिले. गेटवरच्या फोटोत अर्ध्या बायका मंगळवारच्या दिसत होत्या, अर्ध्या रविवारच्या.

त्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी दारातून बघत होत्या. आजोबा गेल्यापासून करड्या-बदामी साड्यांतच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आमच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला होता. आजींना फोटोला बोलवायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

वहिनी सरळ दारात. “आजी, मनगट बघू.”

दोन क्षण निरखून निकाल लागला. “विंटर! तुम्हाला करडा चालतच नाही. कुंकवाचा लालच हवा.”

सूनबाई काहीतरी म्हणणार होती, पण शिरांपुढे कोण बोलणार? आजींनी कपाटाच्या तळातून लाल इरकल काढली. घडीवर रंग विटून रेघ पडलेली. वहिनींनी ती आजींच्या हनुवटीखाली धरली, डोळे बारीक केले, आणि सुनेलाच निऱ्या धरायला बसवलं. फोटो पुन्हा काढला.

मी शेजारीच उभी होते. आजींच्या शिरा चांगल्या हिरव्यागार होत्या. म्हणजे छटा उबदार, विंटर नव्हेच. जिन्यात वहिनींना तसं म्हटलं.

“तू ऑटम,” त्या म्हणाल्या. “तुला थंड रंगातलं काय कळतं?”