तोंडओळख

नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यावर 'ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन' अशी पाटी लागली, तेव्हा नरखेड तालुक्यातून आमचं अर्धं गाव उद्‌घाटनाला आलं होतं. 'ओरल' म्हणजे तोंडी परीक्षा, एवढंच ठाऊक असलेल्या काकांनी पाटी दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "म्हणजे, लेखीत नापास झाला का?"

बाबा गल्लीच्या तोंडापासून पाट्या मोजत आले होते. म्हणाले, "एका गल्लीत इतके डाक्टर? आपल्या बगीच्यात इतके माकडं नाही येत."

बाबा संत्रेवाले. शेंदुरजनाघाटची जंबेरीवर बांधलेली कलमं आणायची, लावायची आणि पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरायचं, हा त्यांचा हिशेब. माझी बीडीएसची 5 वर्षं आणि एमडीएसची 3 त्यांनी बोटांवर मोजली. "आठ वर्षं झाले. बहार कुठी हाय?"

बहार नव्हता. खुर्चीवरचं प्लास्टिक पहिला महिनाभर तसंच होतं. दुपारी मीच तिच्यावर आडवा होई, म्हणजे तिचा पहिला पेशंटही मीच. अपॉइंटमेंटच्या वहीत पहिल्या आठवड्यात तीन नावं होती. एक एसीवाला, एक विमा एजंट आणि तिसरा समोरच्या डॉक्टरांचा पत्ता विचारायला आलेला. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं तोही नीट नोंदवून ठेवला होता.

मित्रांनी सल्ले दिले. पत्रकं वाट, सवलत दे, मोबाइलवर व्हिडिओ टाक. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा ताण हाय बापा. डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतो, पानं गळतात, तेव्हा कुठी आंबिया फुटते. घाबरून मधातच पाणी देल्लं, का नुसता पाला." मी पत्रकं छापायचं रद्द केलं. पैसेही नव्हतेच.

ताण फुटला तो गावाकडच्या एका माणसामुळे. आल्या आल्या त्यानं नातं सांगितलं. माझ्या मोठ्या आईच्या माहेरच्या शेजाऱ्यांचा तो जावई. आमच्याकडे ही जवळची तोंडओळख समजतात. खालची अक्कलदाढ जबड्यात आडवी रुतून बसलेली. सुई दिली. पाच मिनिटांनी तो ओठ चाचपत म्हणाला, "डाक्टर, हा ओठ माहाच हाय ना?" हिरडी उघडली, थोडं हाड कोरलं, दाढेचे दोन तुकडे करून ते काढले, टाके घातले. बोळा चावायला दिला. "अर्धा-पाऊण तास दाबून धरा, बोलू नका." फीचं विचारलं, तेव्हा बोलता येत नसल्याचा त्यानं पुरेपूर फायदा घेतला. पुढच्या आठवड्यात संत्र्याचे दोन कॅरेट आले.

पण खरी फी त्यानं गाडीत चुकती केली. कळमेश्वरच्या आसपास बोळा काढला आणि नरखेडपर्यंत तोंड मिटलं नाही. काटोल येईस्तोवर अख्ख्या डब्याला माझं नाव, गल्ली आणि 'दाढ काढली अन् मले समजलंबी नाही' हे पाठ झालं होतं. तोंडाच्या डॉक्टराची जाहिरात तोंडानंच व्हायची, हे मला आठ वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

मग पेशंट येऊ लागले, आणि दर पंधरवड्याला बाबाही. बाहेरच्या बाकावर बसून ते माझं निम्मं काम करत. इम्प्लांटसाठी आलेल्यांना, 1965 साली स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्कनी माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा टायटॅनियमचा स्क्रू बसवला, हाड त्याला घट्ट धरतं, त्याला काही महिने लागतात, हे मी घसा कोरडा होईतो समजावी. बाबा एका वाक्यात संपवत, "कलम हाय. डोळा धरेपर्यंत हालवाचं नाही."

समोरच्या पानठेल्यावर मात्र बाबांचाही इलाज चालला नाही. दिवसभर तिथं पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून खर्रा घोटत असतात. त्याचा चर्र-चर्र आवाज माझ्या ड्रिलशी जुगलबंदी करतो. ठेलेवाला एकदा मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "साहेब, माह्या दुकानावर तुमचं दुकान हाय." राज्यात 2012 साली गुटखाबंदी आली, खर्रा मात्र पन्नीतून निसटला. सुपारी एकटी खाल्ली तरी कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 सालीच सांगून ठेवलं आहे.

परवा गावचा एक मुलगा आला. वय बावीस. तिखट लागलं की आग होते म्हणाला. आरसा घालायला गेलो तर तोंड जेमतेम दीड बोट उघडलं. गाल आतून पांढरे, दोरीसारखे ताठ. खर्ऱ्यानं होणारा सबम्यूकस फायब्रोसिस. माझ्या बारशाला याच्या आजोबांनी पेढे वाटले होते. बाकावर बाबा होते, पण कलमाचं नाव निघालं नाही. मुलगा गेल्यावर ते उठले, ठेल्यावर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा खर्रा विकत घेतला. नालीत टाकून परत आले. म्हणाले, "एक कमी झाला."

तेव्हा वाचकहो, माझी फी वाचवायची असेल तर स्वतःच्याच तोंडाशी ओळख करून घ्या. आरशासमोर उभे राहा, आ करा आणि आपली मधली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का पाहा. जात असतील तर खर्रा आजच सोडा. जात नसतील तरी आजच सोडा, आणि जवळच्या दातांच्या डॉक्टरला गाठा. तो मीच असायला हवा असं नाही, गल्लीत पुष्कळ आहेत.