पहिल्या क्रमांकांची गर्दी

मुंबईतील जवळजवळ प्रत्येक खासगी एफएम वाहिनी पहिल्या क्रमांकावर असते, हे गणिताला न पटणारे सत्य समजून घेण्यासाठी 'रॅम' ही 2007 साली आलेली श्रोतेमापनाची पद्धत पाहावी लागते. या पद्धतीत निवडक श्रोते आपण केव्हा कोणती वाहिनी ऐकली याची नोंद रोजनिशीत करत आणि मग वय, लिंग, आर्थिक स्तर व वेळ यांनुसार त्या नोंदींचे इतके तुकडे पाडता येत, की प्रत्येक संस्थानिकाला निदान एक तरी गादी मिळावी.

98.3 वरील मिर्ची, 91.1 वरील रेडिओ सिटी आणि 93.5 वरील रेड एफएम यांच्यातील हाडवैर खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र 2005 च्या धोरणाने परवानाधारकांना सामायिक प्रक्षेपण मनोरा सक्तीचा केल्यामुळे, एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या या वाहिन्यांवर एकाच खांबाला टेकून ओरडण्याची वेळ आली.

वैर ज्या मालावरून आहे तो मालही एकच, म्हणजे हिंदी चित्रपटगीत. स्वतःच्या बातम्या देण्यास खासगी वाहिन्यांना मनाई असून, 2011 च्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची मुभा दिली, तेव्हा वेगळेपणाचा सारा भार आरजेवर, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये न थांबता बोलणाऱ्या निवेदकावर पडला, आणि तोही शेजारच्या वाहिनीवरील निवेदकाइतक्याच उत्साहाने पश्चिम द्रुतगती महामार्गावरील तीच कोंडी श्रोत्याला सांगू लागला, जो बहुधा त्याच कोंडीत अडकलेला असतो. 2010 साली कॉपीराइट मंडळाने संगीताचे स्वामित्वशुल्क निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के ठरवले. म्हणजे दुर्मीळ गाणे आणि कालचे गाणे यांच्या खर्चात फरक उरला नाही, तरीही धाडस काही वाढले नाही, कारण प्रतिस्पर्धी जे वाजवत नाही ते वाजवणे हा या धंद्यात वेडेपणा मानला जातो.

मराठी गाण्याकडे तर दीर्घकाळ, ते लागताच वाहिनीची प्रतिष्ठा लोकलमधून खाली पडेल, अशा धास्तीने पाहिले गेले. जाहिरातींच्या बाबतीत मात्र अशी कुठलीही धास्ती नाही: कंटाळलेला श्रोता एका वाहिनीवरून दुसरीवर जातो, तेव्हा तिथेही त्याच बांधकाम व्यावसायिकाचा तोच आवाज त्याच सदनिकेच्या नोंदणीचे निमंत्रण देत असतो.