ऑप्शनवीर

दहावीच्या वर्गात हुशार मुलं असतात, ढ मुलं असतात आणि या दोघांनाही न मागता सल्ला देणारा एक तिसरा असतो. त्याला आपण ऑप्शनवीर म्हणू. अभ्यास करणं हा त्याचा प्रांतच नव्हे. काय करायचं नाही हे ठरवणं, हा त्याचा प्रांत. आणि त्यात तो इतके कष्ट घेतो की घरच्यांना वाटतं, पोरगं अभ्यास करून करून वाळलं.

त्याची प्रतिभा सर्वांत फुलते ती विज्ञान भाग २मध्ये, म्हणजे घरोघरी ज्याला अजूनही 'बायो' म्हणतात त्या पेपरात. धडे 10, गुण 40, वेळ दोन तास. प्रश्न तिसरा हा त्याचा कुलस्वामी: आठ उपप्रश्न, त्यांतले कोणतेही पाच सोडवा, गुण 15. चौथ्यात तर दोनपैकी एकच. 'कोणतेही पाच' हे शब्द वाचले की त्याला भरून येतं. बोर्डानं आपल्यासाठी, केवळ आपल्यासाठी, ही सोय केली आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मग तो वहीचं कोरं पान घेतो, त्यावर पट्टीनं रकाने आखतो, मागच्या मार्चच्या आणि त्याच्या मागच्या मार्चच्या प्रश्नपत्रिका मांडून बसतो आणि कोणता धडा 'करायचा' नि कोणता 'ऑप्शनला टाकायचा' याचा हिशोब करतो. हिरव्या पेनानं 'करायचे', लाल पेनानं 'टाकायचे'. या तक्त्याला लागलेल्या वेळात धडे वाचून झाले असते, हे त्याला सांगायची सोय नाही. तो म्हणतो, "प्लॅनिंग नको का?"

प्रत्येक धड्यावर त्याचा निकाल ठरलेला असतो. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा. जूनमध्ये सरांच्या अंगात उत्साह असताना शिकवलेला, म्हणून टाकवत नाही. पण त्यातही तडजोड असते. लॅमार्क केला की डार्विन सोडायचा. जिराफाची मान वापरून वापरून लांब झाली, हे एका वाचनात लक्षात राहतं. नैसर्गिक निवडीला दोन वाचनं लागतात. त्यामुळे लॅमार्कचं म्हणणं पुढे चुकीचं ठरलं तरी ऑप्शनवीराच्या घरी तोच जिंकतो. पेशीविभाजनाच्या चार अवस्थांपैकी पूर्वावस्था आणि मध्यावस्था तो मन लावून करतो. पश्चावस्था आणि अंत्यावस्था येईपर्यंत जेवायची वेळ होते, आणि त्याच्या वहीतल्या पेशी मध्यावर गुणसूत्रं ओळीत लावून वर्षभर तशाच ताटकळत उभ्या राहतात.

'प्राण्यांचे वर्गीकरण' लाल पेनात. एवढे संघ पाठ कोण करणार? त्यातल्या त्यात ज्यांच्याशी घरोबा आहे तेवढे ठेवायचे: संधिपादात झुरळ, वलयी प्राण्यांत गांडूळ. कंटकचर्मींशी आपला संबंध येत नाही, सबब ते रद्द.

प्रजननाच्या धड्याची गोष्ट निराळी. तो शिकवायची वेळ आली की सर फळ्याकडे तोंड करून म्हणतात, "हा सोपा आहे, घरी वाचून या," आणि पुढचा धडा उघडतात. वर्षभरात ऑप्शनवीरानं कोणाच्याही सांगण्यावाचून, आकृत्यांसकट, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला हा एकमेव धडा. पण आईनं "चल, तोंडी घेते" म्हणत पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा लाल पेन फिरतं ते याच धड्यावर.

उरले 'पर्यावरणीय व्यवस्थापन', 'सामाजिक आरोग्य' आणि 'आपत्ती व्यवस्थापन'. हे वाचायचे नसतात, मनानं लिहायचे असतात. तिन्हींसाठी त्याच्याकडे एकच उत्तर तयार असतं: जनजागृती करावी, कायद्यांची कडक अंमलबजावणी करावी, प्रत्येकानं स्वतःपासून सुरुवात करावी. पूर असो, व्यसन असो, प्लॅस्टिक असो, उपाय हाच. चौथा मुद्दा हवाच असेल तर 'पथनाट्य'.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो 'ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची' घेऊन बसलेला असतो. लॅक्टोबॅसिलाय दुधातल्या लॅक्टोजचं लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, आम्लामुळे दुधातली प्रथिनं गोठतात, या वाक्यांखाली त्यानं दोनदा रेघ मारली आहे आणि शेजारी 'येणारच' असं लिहिलं आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई हाक मारते, "अरे, तेवढं दुधाला विरजण लाव रे, माझे हात पिठाचे आहेत."

"आई, बायो चाललंय माझं!"

"एक चमचा तर टाकायचाय."

तो तणतणत उठतो, गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या, वाफाळत्या दुधात चमचाभर दही सोडतो, ढवळतो, झाकण ठेवतो आणि परत येऊन लॅक्टोबॅसिलायवर तिसरी रेघ मारतो. सकाळी पातेल्यात दूध नाही आणि दहीही नाही, असलं काहीतरी पिवळट पाणी सुटलेलं असतं. सातवीनंतर शाळा सुटलेली आई पातेलं वाकडं करून बघते आणि म्हणते, "दूध कोमट होऊ द्यायचं असतं रे. कढत दुधात विरजण मरतं." ऑप्शनवीराला यात विज्ञानाचा भाग कुठला ते कळत नाही. 'शास्त्रीय कारणे लिहा' असं वर छापलेलं नसलं की त्याला प्रश्न ओळखू येत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचं घर म्हणजे कंट्रोल रूम होते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फायनल आयएमपी' येतं, अर्ध्या तासानं 'फायनल फायनल आयएमपी' येतं. दोन्ही याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, पण दोन्ही 'एका मोठ्या क्लासच्या सरांनी' काढलेल्या असतात. तो मित्रांना फोन करून धीर देतो. "क्रेब चक्र येत नाही, लिहून घे माझ्याकडून. क्लोनिंग सोड. मूलपेशी तेवढ्या बघून जा."

दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर वर्गातली एक मुलगी भिंतीला टेकून नोट्स चाळत असते. तिचे दहाही धडे दोनदा झालेले आहेत आणि तरी तिचे हात गार पडलेले आहेत.

"तुझं सगळं झालं?" ती विचारते.

"छे! सातच केले. बाकी ऑप्शनला."

हे तो अशा थाटात सांगतो की दहा धडे करून आपण काही मूर्खपणा तर केला नाही ना, अशी शंका त्या बिचारीला पेपर हातात पडेपर्यंत छळत राहते.

पेपर हातात पडतो. तिसऱ्या प्रश्नातले दोन उपप्रश्न हिरव्या पेनातले निघतात. उरलेल्या सहांतून तीन निवडायचे, तर सहाही लाल. मग मन कामाला लागतं. 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' म्हटलं की आकृती सुबक येते, पट्टीनं मारलेल्या नावांच्या रेषाही सुबक येतात, फक्त रेषांच्या टोकाला नावं नसतात. जैवतंत्रज्ञानाच्या फायद्यांत तो जनजागृती घालतो. परागीभवनाच्या उत्तरातसुद्धा शेवटी प्रत्येकानं स्वतःपासून सुरुवात करावी, असं सुचवतो.

तरी तो पास होतो. लेखी, प्रयोगवही, तोंडी असं सगळं मिळून बरे गुण पडतात, पेढे वाटले जातात आणि पद्धत सिद्ध होते. ऑप्शनवीर ही जात टिकून आहे ती यामुळेच. ज्याला परिस्थिती मानवते तो टिकतो, हे सांगणारा डार्विन त्यानं सोडला होता खरा, पण त्याचं सर्वांत ठळक उदाहरण तो स्वतःच होता.

दहावी संपते, सवय संपत नाही. पंचेचाळिशीत डॉक्टर रिपोर्ट समोर ठेवून सांगतात, "साखर वाढली आहे. गोड बंद, भात कमी, रोज चाला, रात्री वेळेवर झोपा, सिगारेट सोडा, गोळी चुकवू नका." कागद हातात घेतल्या घेतल्या तो मनात रकाने आखतो. गोळी करायची. भात बघू. चालणं ऑप्शनला. स्वादुपिंड पोटात नेमकं कुठे असतं, हे बायकोनं विचारलं तर तो छातीपासून बेंबीपर्यंत सगळीकडे हात फिरवून दाखवतो.

आणि आता त्याचा मुलगा दहावीत आहे. रात्री जेवणानंतर पोटभर श्रीखंड खाऊन ऑप्शनवीर पोराच्या खोलीत डोकावतो आणि कडक आवाजात बजावतो, "एकही धडा सोडायचा नाही, सांगून ठेवतो! आमच्या वेळी आम्ही सगळंच्या सगळं करायचो." मुलगा मान डोलावतो आणि पुस्तकाखालून लाल-हिरव्या रकान्यांचा कागद पुन्हा वर काढतो.

त्या कागदावर त्यानं तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचा बारीक हिशोब मांडला आहे, तो बरोबरही आहे. त्याला एवढंच सांगायला हवं की पहिला प्रश्नही बघ. तो 10 गुणांचा असतो, पुस्तकातून कुठूनही येतो आणि त्याला ऑप्शन नसतो.