तीस पॉइंट घरबसल्या

रजिस्ट्रेशन नंबर मिळाला, पाटी रंगवून झाली, बाकावर दोन पेशंटही येऊन बसले (पैकी एक मामा, तो पैसे देणार नाही). आता शिक्षण संपलं असं समजून पुस्तकं रद्दीत घालायला निघाला असाल, तर थांबा. डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास शिकत राहावं, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहून ठेवलंय. महाराष्ट्रात या तासांचे पॉइंट जमले नाहीत, तर रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल अडतं. पूर्वी त्यासाठी जिल्ह्याच्या गावी हॉटेलात जावं लागे. तिथे मधुमेहावरच्या व्याख्यानानंतर गुलाबजाम असत. आता व्याख्यान घरी येतं, गुलाबजाम आपले आपण आणायचे.

आधी लिंक मिळवा. ती शोधत बसायची नसते, औषध कंपनीचा एमआर आणून देतो. पूर्वी तो पेन आणि कॅलेंडर आणायचा, आता क्यूआर कोड आणतो. फॉर्म भरताना एक पथ्य पाळा: नावाआधी 'डॉ.' लिहू नका. सर्टिफिकेटवर ते आधीच छापलेलं असतं. माझ्याकडे 'डॉ. डॉ.' अशी चार सर्टिफिकेटं आहेत. घरचे म्हणतात, दोनदा पास झालास वाटतं.

वेबिनार संध्याकाळी आठला असतो, म्हणजे ऐन ओपीडीच्या गर्दीत. फोन बीपीच्या मशिनला टेकवून उभा करावा, कॅमेरा बंद, माइक बंद. स्टेथोस्कोप कानात असताना इअरफोन घालता येत नाही, त्याला इलाज नाही. माइक बंद आहे हे दोनदा तपासा. एकदा हृदयविकारावरच्या वेबिनारात सर ईसीजीतला एसटी सेगमेंट समजावत होते, आणि कुणाच्या तरी घरातून स्पष्ट आवाज आला, "अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" चॅटमध्ये तिघांनी 'तीन' असं लिहिलं. त्या तासाभरात कुणीतरी ऐकत होतं, याचा माझ्याकडे तेवढा एकच पुरावा आहे.

चॅटचीही रीत आहे. सुरुवातीला 'गुड इव्हनिंग सर' आणि पुढे आपल्या गावाचं नाव. मधे 'ऑडिबल सर'. शेवटी 'पीपीटी मिळेल का सर'. पीपीटी मिळते. ती फोनमध्ये आधीच्या साठ पीपीट्यांशेजारी जाऊन झोपते.

मग पाच प्रश्नांची परीक्षा. पर्यायांत 'वरीलपैकी सर्व' दिसलं की डोळे मिटून दाबा. अभिप्रायात 'एक्सलंट' लिहा, कारण तो लिहिल्याशिवाय सर्टिफिकेट उघडत नाही. झालं, पॉइंट जमा. एवढ्यात पेशंट पाहूनही होतात.

इतकं जमलं की तुम्ही नवशिके राहत नाही, आणि हा लेख इथे संपायला हरकत नव्हती. पण आमच्या सिस्टरांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०२० साली कोविड आला तेव्हा सरकारने दीक्षा प्लॅटफॉर्मवर डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी 'आयगॉट' नावाने कोर्स सुरू केले. पीपीई किट अंगात चढवायला फारसं काही लागत नाही. काढताना बाहेरची बाजू अंगाला लागली की घात, तिथेच माणसं चुकत. मी याबद्दलचा व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिला. सिस्टरांनी जुन्या गाऊनवर आणि ग्लोव्ह्जवर हळद फासली, आणि व्हिडिओ थांबवत थांबवत ते सगळं उतरवलं. पहिल्या खेपेला हळद कोपराला लागली, दुसऱ्या खेपेला मानेला. पाचव्या खेपेला कुठेच नाही. मग म्हणाल्या, "डॉक्टर, आता तुम्ही." माझ्या कानामागे हळद निघाली. व्हिडिओ दोघांनी तोच पाहिला होता.

तेव्हा तुम्हाला चुकून शिकायचंच असेल, तर वेबिनारला रिकाम्या हाताने जाऊ नका, आपला पेशंट घेऊन जा. ही युक्ती माझी नाही. न्यू मेक्सिकोतले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला तो यावरच. हेपटायटिस सीच्या पेशंटांना विद्यापीठात यायला कित्येक महिने थांबावं लागे. म्हणून खेड्यातल्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांनी दर आठवड्याला व्हिडिओवर आपापल्या केसेस मांडायच्या, तज्ज्ञांनी त्यांवर बोलायचं, आणि उपचार ज्याचे त्याने करायचे. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापून आला: विद्यापीठात ५७.५ टक्के पेशंट बरे झाले, या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. पडदा तोच होता, पण गुपचूप कॅमेरा बंद करून बसायची सोय नव्हती.

मी हे उशिरा शिकलो. पावसाळ्यात गवत कापताना साप चावलेला एक शेतकरी मोटरसायकलवर मधे बसवून आणला होता. साप कुणी पाहिला नव्हता. सूज नाही, रक्तस्राव नाही. नियमाप्रमाणे दोन मिली रक्त नळीत घेतलं, वीस मिनिटं हलवलं नाही, मग नळी कलंडवली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे घोणस किंवा फुरसं, असं धरून सर्पविषावरच्या औषधाच्या, एएसव्हीच्या, दहा व्हायल चढवल्या. त्याला हुडहुडी भरली, अंगभर गांधी उठल्या. ते आवरून, धावपळ करत जिल्ह्याला पाठवला. पेशंट वाचला, पण मला कोडं पडलं: सूज नाही, रक्तस्राव नाही, मग रक्त तेवढं गोठलं कसं नाही?

पुढे सर्पदंशावरच्या एका वेबिनारात मी आयुष्यात पहिल्यांदा माइक उघडला आणि केस सांगितली. सरांनी एकच विचारलं, "नळी कसली होती?"

प्लास्टिकची होती. रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेला लागून. प्लास्टिकमध्ये, किंवा साबणाने धुतलेल्या काचेतसुद्धा, चांगलं रक्तही पातळच राहू शकतं. दहा व्हायल कदाचित नळीमुळे गेल्या. आणि मण्यार चावली तर उलटं होतं: रक्त व्यवस्थित गोठतं आणि पापण्या मिटत जातात, तेव्हा नळीवर विसंबू नका, डोळ्यांकडे बघा.

त्या वेबिनारचं सर्टिफिकेट मला आलंच नाही. मधे लाइट गेली होती, हजेरी अपुरी भरली.

तुम्ही मात्र आज दुकानात माणूस पाठवून नव्या, कोरड्या, काचेच्या टेस्टट्यूब मागवून ठेवा. दुकानदार प्लास्टिकच्या देऊ लागला, तर परत करा.